पाठमोरी सीट

ऑपरेटरबाईंनी उभा जन्म लोकांशी बोलण्यात घालवला आणि त्यातल्या एकाचंही तोंड कधी पाहिलं नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत टेलिफोनचं एक्सचेंज होतं. खिडकी नाही, पंखा घरघरणारा, आणि समोर लुकलुकणारे दिवे. कुणाचा बाप आत, कुणाची बायको आत. कुणी फोनवर ओरडायचं, कुणी नुसतंच रडायचं. बाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "थांबा हं, लाइन सोडू नका, मी आहे इथे." आणि खरंच समोरचा थांबायचा. त्या आवाजात काय होतं देव जाणे, पण तावातावाने फोन करणारा माणूससुद्धा निवळायचा.

निवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला होता. नावाने हाक मारणारा नवरा गेला आणि उरलेल्या जगाला त्या नुसत्या ऑपरेटरबाई. तेही हाक मारली तर. मुलगा नोकरीपायी निम्मा महिना परगावी. सून एका कारखान्यात तयार माल तपासायची. वाकडा स्क्रू तिच्या नजरेतून सुटायचा नाही, तर माणूस कुठून सुटणार? ती दोघं दोन-चार गल्ल्या सोडून राहायची, आणि बाई आपल्या जुन्या घरात एकट्या. दिवसभर आवाज म्हणाल तर फ्रिजचा. फोन वाजलाच तर त्यातून एक रेकॉर्ड केलेली बाई विमा घ्या म्हणून गळ घालायची. ऑपरेटरबाई तिचंही शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि "बरं हं, कळवते" म्हणून फोन ठेवायच्या. हसू नका. ज्याला घर खायला उठतं ना, त्याला विचारा.

असल्या रिकाम्या दिवसात एकच गोष्ट होती ती दुपार. दुपारी मुंगळ्याला पाळणाघरातून आणायचं काम बाईंकडे होतं. मुंगळा म्हणजे नातू, दीड वर्षाचा. एकदा मांडीला चिकटला की ओढून काढावा लागायचा म्हणून बाईंनीच ठेवलेलं नाव. त्याला आपल्या घरी आणायचं, खाऊ घालायचं, झोपवायचं, आणि संध्याकाळी सून कामावरून येताना त्याला घेऊन जायची. ह्या दुपारसाठी बाई साठी ओलांडल्यावर गाडी शिकल्या. नवरा होता तोवर त्या जन्मभर शेजारी बसून "हळू हो, हळू" एवढंच चालवत आल्या होत्या. गाडी शिकवणारा मास्तर पहिल्या दिवशी म्हणाला, "आजी, रिक्षा बरी नाही का?" बाई दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पास झाल्या, आणि बिस्किटांचा पुडा घेऊन मुद्दाम त्याला दाखवायला गेल्या. अशी जिद्द.

गाडीत मुंगळ्याची सीट बसवली ती सुनेने. दुकानदाराने एक बाहुली सीटमध्ये बांधून नीट समजावलं होतं. एवढ्याशा पोराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. पोर पुढे तोंड करून बसलं असलं आणि गाडी एकदम थांबली, की पट्टे अंगाला धरतात, पण डोकं मोकळं राहतं. ते पुढे झेपावतं आणि सगळा हिसका मानेला बसतो. तेच पोर मागे तोंड करून बसलं असलं, की सीटची पाठ डोकं, मान, पाठ सगळं एकदम तळहातावर झेलावं तसं झेलते. सीट फिरती होती. खटका ओढला की गर्रकन दाराकडे वळायची, पोराला बसवायचं, पट्टे आवळायचे, आणि मग मागे तोंड करून टक्कन अडकवायची. दुसऱ्या बाजूला, पुढे तोंड करूनही अडकायची ती, थोड्या मोठ्या मुलांसाठी.

"ती बाजू विसरून जा, आई," सून म्हणाली होती. "चार वर्षांचा होईपर्यंत हा मागेच तोंड करून बसणार."

बाईंनी भीत भीत विचारलं, "अगं, तो छोटा आरसा मिळतो ना, मागच्या सीटला लावायचा? त्यात तोंड दिसतं म्हणे पोराचं."

"नको. गाडी कुठे आपटली तर तोच उडून त्याला लागायचा. आणि तुम्ही रस्ता बघाल की आरसा?"

बोलणं बरोबर होतं. सुनेचं बोलणं बरोबरच असायचं, हीच तर पंचाईत. बरोबर बोलणाऱ्या माणसापुढे आपल्या मनातलं सांगायचं कसं? बाईंच्या मनात एवढंच होतं, की मुंगळा घरी पोचला की दोन घास खाऊन जो झोपायचा तो सुनेने उचलून नेईपर्यंत. म्हणजे जागा मुंगळा बाईंच्या वाट्याला यायचा तो गाडीत. आणि गाडीत आरशात दिसायची करड्या प्लास्टिकची पाठ. पोर आहे की सामान आहे, पत्ता लागायचा नाही. दोन शब्द बोलावेत तर त्या प्लास्टिकशी बोलताना बाईंना स्वतःचीच लाज वाटायची. जन्मभर न दिसणाऱ्यांशी बोलून झालं, आता तरी कुणाचं तोंड दिसू दे की!

एक दिवस गाडी रांगेत अडकली आणि मागून हूं की चूं येईना. कडेला गाडी घेऊन बाई धावत मागे गेल्या, तर हे साहेब मजेत. स्वतःच्या बुटाकडे बघून हसत होते, इतकं गोड, की बाई रस्त्यातच उभ्या राहून बघत बसल्या. हे असलं हसू हा रोज मागच्या काचेला दाखवत होता आणि आजीला पाठ!

"फक्त आजच्या दिवस हं, मुंगळ्या," बाई म्हणाल्या, आणि खटका ओढला. गर्रकन, टक्क.

फक्त आजच्या दिवस म्हणून सुरू झालेली गोष्ट कुठे एका दिवसात संपते? बाईंनी गाडीचा आरसा जरा खाली वाकवला आणि त्यात आख्खा मुंगळा मावला. सिग्नलला थांबल्या की त्या आरशात बघून भुवया उडवायच्या. त्याला भुवया वेगळ्या हलवता यायच्या नाहीत, सगळं कपाळच वर जायचं आणि तोंडाचा चंबू व्हायचा. बाई इतक्या हसायच्या की शेजारच्या गाडीतले लोक वळून बघायचे. बघा, बघा, बाईंना वाटायचं, आहे आमच्याकडे बघण्यासारखं! पाळणाघर ते घर हा रस्ता पूर्वी संपता संपत नसे, तो आता चुटकीसरशी संपू लागला. बाई मुद्दाम लांबच्या वळणाने येऊ लागल्या. सकाळी उठल्यापासून दुपारची ओढ लागायची, केस विंचरून त्या वेळेच्या आधीच तयार.

घराखाली आलं की मात्र सीट पुन्हा मागे फिरवून ठेवायची, आरसा सरळ करायचा. ते करताना बाई इकडेतिकडे बघायच्या. आपण चोरी करतोय हे त्यांना कळत होतं, उगाच त्यांना भोळ्या समजू नका. पण त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपण गाडी चालवतो मुंगीच्या पावलाने, आपल्याला काय होणार आहे.

चोरी मुंगळ्याला कशी लपवता येणार? तो घरीही जेवताना मधेच मान तिरकी करून छताच्या कोपऱ्याकडे बघायचा आणि कपाळ वर उचलून हसायचा.

"हा वर कुणाला बघतो हो, आई?" एका सुट्टीच्या दिवशी बाई त्याला भरवत असताना सुनेने दारात बूट चढवता चढवता विचारलं.

"पाल असेल," बाई म्हणाल्या.

सुनेने कोपरा नीट निरखून बघितला. पाल नव्हती. तपासलेला माल मनात बाजूला ठेवावा तसं तिने ते बाजूला ठेवलं, हे बाईंना तिच्या तोंडावरून कळलं.

आणि मग ती दुपार आली. रस्ता मोकळा होता, कडेला गाड्या लागलेल्या. मुंगळा नवीनच जीभ बाहेर काढायला शिकला होता, बाई आरशात बघून त्याला जीभ दाखवत होत्या. तेवढ्यात कडेच्या एका गाडीचं दार फाडकन उघडलं आणि एक माणूस खाली पाय टाकायला लागला. बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी दाराच्या अलीकडे थांबली. कुणाला काही लागलं नाही. तो माणूस हात जोडून "सॉरी, सॉरी" करत आत बसला.

पण ब्रेक दाबताना बाईंची नजर आरशावरच राहिली होती. मुंगळ्याचं डोकं पुढे गेलं. असं गेलं, की आरशात तोंड उरलंच नाही, नुसता डोक्यावरचा भोवरा दिसला. हनुवटी छातीवर आपटली, मान दोरीसारखी ताणली गेली, आणि मग डोकं मागे येऊन सीटवर आदळलं. ज्या आरशासाठी एवढा उपद्व्याप केला, त्या आरशाने बाईंना हे दाखवलं.

मुंगळा खुदकन हसला आणि म्हणाला, "धप्प!"

गाडी कडेला लावून बाई मागे गेल्या, त्याचे हात, पाय, मान चाचपून बघितली. मग खटका ओढला आणि सीट मागे फिरवली. मुंगळ्याने आकाशपाताळ एक केलं. त्याची आजी गेली, आरसा गेला, समोर नुसती मागची काच! किंचाळून किंचाळून लाल झाला. बाई पुढे येऊन बसल्या. आरशात पुन्हा ती करडी पाठ. आणि तोंडातून आपोआप तो जुना आवाज निघाला, जिन्याखालच्या खोलीतला.

"हॅलो. थांबा हं, लाइन सोडू नका. मी आहे इथे."

मागचं रडणं जरा अडखळलं.

"कोण बोलतंय? मुंगळेसाहेब? काय म्हणता, बूट कुठे गेला? बघते हं, बुटाला जोडून देते."

नाक ओढल्याचा आवाज. मग हुंदका. मग लहानसं, विचारपूस केल्यासारखं, "अलो?"

त्या दिवशी बाई घरापर्यंत बोलत राहिल्या. डोळ्यांतून पाणी, आवाज मात्र स्वच्छ. नोकरीत तेवढं तर शिकलेलं होतं.

त्या दिवशी मुंगळा झोपलाच नाही. संध्याकाळी सून आली तेव्हा तो एका खोक्यात बसून खेळत होता. वर कोपऱ्यात बघायचा, जीभ काढायचा, आणि एकदम डोकं पुढे टाकून म्हणायचा, "धप्प!" मग स्वतःच खिदळायचा. पुन्हा वर बघायचा, पुन्हा धप्प.

सुनेच्या हातातली पिशवी हातातच राहिली. "हे काय नवीन?"

सीट खाली गाडीत मागे तोंड करून होती. आरसा सरळ होता. बाईंना नुसतं म्हणायचं होतं, की पाळणाघरात शिकला असेल काहीतरी. एवढं म्हटलं असतं तर उद्याची दुपार हातात होती, परवाची होती, सगळ्या होत्या. जिभेवर आलंही होतं. पण सगळी संध्याकाळ बाईंना डोळ्यांसमोर तो भोवरा दिसत होता आणि ती ताणलेली मान.

"त्याची मान डॉक्टरांना दाखव," बाई म्हणाल्या. "आत्ताच जा. मी सीट पुढे फिरवली होती. ब्रेक लागला जोरात."

"आजच फिरवली होती?"

"नाही गं. रोजच."

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने मुंगळ्याला खोक्यातून उचललं, त्याच्या मानेखाली हात धरला, तान्ह्या पोराला धरतात तसा, आणि विचारलं, "का, आई?"

"तोंड दिसत नव्हतं त्याचं."

हे बोलल्यावर बाईंना ते स्वतःलाच फार किरकोळ वाटलं. सून दार ओढून घेऊन गेली. रात्री तिचा एका ओळीचा निरोप आला, की डॉक्टरांनी तपासलं, मान ठीक आहे. बाई पलंगावर बसून ढसाढसा रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सून किल्ली मागून खाली गेली आणि सीट काढून आपल्या गाडीत घेऊन गेली. कारखान्यातून दुपारी तासभर सुट्टी काढून आता तीच मुंगळ्याला आणणार होती आणि कारखान्यातल्याच एका बाईंच्या घरी ठेवणार होती. मुलाने परगावाहून फोन केला. "बघू गं आई, तिचा राग जरा उतरू दे," म्हणाला. त्याच्या 'बघू'चा अर्थ बाईंना तो शाळेत होता तेव्हापासून ठाऊक होता.

मग घर होतं आणि फ्रिज होता. बाई सवयीने वेळेच्या आधी केस विंचरायच्या आणि मग कंगवा हातात धरून बसून राहायच्या. एकदा खाली जाऊन त्यांनी नुसतीच गाडी सुरू केली. मागची सीट मोकळी, आरशातून थेट मागचा रस्ता दिसत होता, अगदी लांबपर्यंत. बाईंना त्या रस्त्यात बघण्यासारखं काही सापडलं नाही. गाडी बंद करून त्या वर आल्या. राग त्यांना सुनेचा आला नाही असं नाही. आला, चांगला सणकून आला. एका आईने दुसऱ्या आईला इतकं तोडावं का? पण राग असा टिकायचा नाही, मधेच ती मान आठवायची आणि सगळा राग आपल्याच अंगावर यायचा.

अशाच एका दुपारी फोन वाजला. विमावाली असणार, बाईंना वाटलं. तीसुद्धा चालली असती.

"नमस्कार, बोला," त्या म्हणाल्या.

पलीकडे आभाळ फाटल्यासारखा मुंगळा रडत होता. त्या रडण्यातून सुनेचा आवाज आला, थकलेला. "आई, मी गाडी कडेला घेतलीय. रोज हेच चाललंय. सीटमध्ये ठेवला की किंचाळतो, अंग ताठ करतो, काल तर ओकला. खेळणं दिलं, गाणी लावली, काही चालत नाही. आणि सारखं काहीतरी अलो, अलो म्हणतो. काय आहे हे?"

बाई खुर्चीत सरळ बसल्या. फोन कानाला घट्ट लावला. जिन्याखालच्या खोलीत बसायच्या तशा.

"स्पीकर लाव," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्याजवळ धर."

थोडी खुडबुड झाली.

"हॅलो. थांबा हं, लाइन सोडू नका. मी आहे इथे. कोण, मुंगळेसाहेब का? अहो, केव्हाची वाट बघतेय मी! बूट सापडला का तुमचा? एक सापडला? मग दुसऱ्याला फोन करू या."

रडणं अडखळलं. एक हुंदका, मग दुसरा, मग काहीच नाही. इतकं काहीच नाही, की बाईंना वाटलं फोन बंद पडला. नोकरीत असताना हीच शांतता सगळ्यात वाईट असायची. पलीकडचा माणूस ऐकतोय की कोसळलाय, कळायला मार्ग नसायचा. आपल्या आवाजाने कुणाचं तोंड कसं होतं, हे बाईंना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

"लाइन गेली का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, नाही." सुनेचा आवाज अगदी जवळून आला. गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. ती मागे, त्याच्या शेजारी जाऊन बसली होती. "फोनकडे बघतोय टक लावून. गालावर पाणी तसंच आहे. आता... अहो, कपाळ वर केलं त्याने! तोंडाचा चंबू केलाय."

बाईंनी तोंडावर हात धरला. खोलीत कुणी नव्हतं, तरी धरला.

"माझा राग गेलेला नाही, आई," सून थोड्या वेळाने म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "त्याची मान आठवली की अजून झोप येत नाही मला."

"मलाही येत नाही."

"माहितीये मला. उद्या सीट तुमच्या गाडीत लावून देते. मागे तोंड करून. आणि आरसा रस्त्यासाठी, कळलं? एक दिवस मी स्वतः मागे बसून बघणार आहे."

"बस की. रोज बस." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आता काय करतोय गं तो?"

"आता?" सून जरा हसली. "आता गप्प बसलाय, फोनला कान लावून. तुमची वाट बघतोय. बोला ना, आई."

बाईंनी डोळे पुसले आणि बोलायला सुरुवात केली.